शहरातले मूळनिवासी आणि सोशल हाउसिंग: भिंतीवर गरुड काढला की झालं का?

प्रेयरीकर (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. विनिपेगला राहतो त्यामुळे हा विषय पेपरात, बसमध्ये, इलेक्शनच्या प्रचारात, सगळीकडे कानावर पडतो. कॅनडाबाहेरच्यांना (आणि खरं सांगायचं तर टोरोंटोवाल्यांनाही) वाटत असतं की फर्स्ट नेशन्सचे लोक कुठेतरी लांब रिझर्व्हवर (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर) राहतात. २०२१ ची जनगणना काढून बघा, फर्स्ट नेशन्स, मेटी (मूळनिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचा समाज) आणि इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे) मिळून १८ लाख, म्हणजे देशाच्या ५ टक्के, आणि त्यातले ८ लाखांवर मोठ्या शहरांत. एकट्या विनिपेग परिसरात लाखाच्या वर, देशात दुसऱ्या कुठल्याच शहरात इतके नाहीत.

घरांची अवस्था म्हणाल तर देशभरात यांच्यातले १६.४ टक्के लोक मोठी दुरुस्ती निघालेल्या घरात राहतात, बाकीच्यांत तेच प्रमाण ५.७ टक्के. शिवाय १७ टक्के लोक दाटीवाटीने.

आता मुद्दा. हल्ली प्रत्येक योजनेत 'सांस्कृतिकदृष्ट्या अनुरूप घरं' हे शब्द असतातच. प्रत्यक्षात बघायला जावं तर इमारतीच्या तोंडावर मोठ्ठा गरुड, लॉबीत गोल बैठक, इमारतीचं नाव क्रीमध्ये (इथली एक मूळनिवासी भाषा), आणि आत तेच दोन बेडरूमचं खुराडं आणि तोच भाडेकरार जो शहरातल्या कुठल्याही सोशल हाउसिंगला (सरकारी मदतीवरच्या कमी भाड्याच्या घरांना) असतो. पाहुणा किती रात्री राहू शकतो, एका खोलीत किती जण, धूर करायचा नाही, आवाज करायचा नाही. मला तर वाटायला लागलंय की या प्रकरणात आर्किटेक्टपेक्षा भाडेकरार लिहिणारा माणूस जास्त महत्त्वाचा आहे.

इथे किन्यू हाउसिंग म्हणून संस्था आहे, १९७० पासून. मूळनिवासींनी स्वतः चालवलेली शहरातली कॅनडातली पहिली हाउसिंग संस्था. त्यांनी काही खास डिझाइनबिझाइन केलं नाही, शहरातली जुनी घरं विकत घ्यायची, नीट करायची आणि आपल्या माणसांना भाड्याने द्यायची. घरमालक दारातूनच परत पाठवत होते त्या काळात एवढंच पुरेसं होतं. पुढे १९७२ मध्ये टोरोंटोत विगवामेन निघाली, मग व्हँकुव्हरला लुमा वगैरे.

तर आर्किटेक्ट लोक, इतर देशांतले लोक, बोला.

शंकासूर

विषय चांगला आहे पण एक मूलभूत शंका. गरीब तो गरीब. रेफ्युजी येतात, त्यांचीही कुटुंबं मोठी असतात, त्यांच्याही चालीरीती असतात. उद्या प्रत्येक समाज म्हणेल आम्हाला आमच्या पद्धतीचं घर द्या. सरकारने चार भिंती, छप्पर, हीटिंग द्यावं, बाकी ज्याने त्याने आपल्या घरात काय ते करावं. आणि एका समाजाला एका इमारतीत कोंबलं की घेट्टो होतो हे वेगळंच.

नकाशेवाली

ऑकलंडला असते, आर्किटेक्ट आहे, हाउसिंगमध्येच काम करते म्हणून थोडं मोठं लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

शंकासूर, तुम्ही म्हणताय ते न्यूझीलंडने करून बघितलंय. १९४५ मध्ये माओरींपैकी (इथले मूळनिवासी) साधारण चौथा हिस्सा शहरात होते, १९८६ पर्यंत जवळजवळ ८० टक्के. एवढी माणसं एका पिढीत शहरात आली आणि सरकारने ठरवलं की यांना एकत्र ठेवायचं नाही, प्रत्येक गल्लीत एखाददुसरं माओरी कुटुंब, बाकी सगळे पाकेहा म्हणजे गोरे. पेपर पॉटिंग म्हणायचे त्याला, मिरपूड भुरभुरल्यासारखं. घेट्टो नको म्हणूनच केलं होतं. झालं काय, तर काकू एका टोकाला, आजी दुसऱ्या टोकाला, कुणाचं लहान मूल कुणाकडे ठेवायची सोय नाही, आणि कुणी गेलं तर माणसं जमवायला जागा नाही. मग लोकांनी स्वतःच पैसे जमवून शहरात मराए (माओरींची एकत्र जमायची पारंपरिक जागा) बांधले, पश्चिम ऑकलंडचा होआनी वाइटिटी मराए १९८० चा.

आणि 'आपल्या घरात काय ते करावं' हे प्लॅनवरच अडतं हो. टपू आणि नोआ ही माओरींची रोजची शिस्त आहे, शरीराशी आणि मृत्यूशी निगडित गोष्टी अन्नापासून लांब ठेवायच्या. टॉयलेटचं दार किचनसमोर नको, टी टॉवेल आणि अंगावरचे कपडे एकत्र धुवायचे नाहीत. आता स्वस्तातला प्लॅन आठवा, पाइप एकाच भिंतीतून न्यायचे म्हणून किचन, बाथरूम, लाँड्री पाठीला पाठ लावून, वॉशिंग मशीन थेट किचनमध्ये ओट्याखाली. पैसे वाचले, पण त्या बाईला रोज त्या ओट्यापाशी नकोसं होतं आणि ती तक्रार करायला गेली तर फॉर्मवर त्यासाठी रकानाच नाही.

दुसरं म्हणजे टांगी, माओरींचे अंत्यविधी. माणूस गेला की दोन-तीन दिवस त्याला एकटं सोडत नाहीत, मराएवर किंवा घरी ठेवतात, येणाऱ्यांची रीघ लागते. घरी आणायचं तर पॅसेज इतका अरुंद की शवपेटी वळत नाही. बसायची खोली इतकी की आठ जण बसले की नववा दारात. हे सगळं माहीत नाही असं नाहीये, इथल्या सरकारी हाउसिंग खात्याने २००२ मध्येच माओरी घरांसाठी डिझाइन गाइड काढलं होतं. मोठं दार, बैठकीची खोली बाहेरच्या ओट्यावर उघडणारी, दुसरं टॉयलेट बाहेरून वापरता येईल असं, लाँड्री वेगळी. यातलं काहीच फार महाग नाही. घोडं पेंड खातं ते चौरस मीटरच्या मर्यादेत.

काळा_चहा

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन.

सिडनीवाला

ऑस्ट्रेलियात तर अजून गंमत. इथल्या बऱ्याच ॲबोरिजिनल समाजांत सासू आणि जावयाने समोरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून अभ्यास करणारे आर्किटेक्ट सांगतात की घराला दोन दारं ठेवा, कोण येतंय ते आतून लांबून दिसलं पाहिजे म्हणजे एकाला दुसऱ्या बाजूने निघता येईल. ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटी ऑफ क्वीन्सलंडमध्ये पॉल मेमट यांनी यावर आयुष्य घातलंय. हे सगळं दूरच्या वस्त्यांत जास्त कडक पाळतात, शहरात जन्मलेला रेडफर्नचा (सिडनीतला भाग) पोरगा कदाचित पाळणार नाही. त्यामुळे 'ॲबोरिजिनल घर' असा एकच साचा काढणं हाही मूर्खपणाच.

काळा_चहा

सासू-जावयाला दोन दारं ही सोय सगळ्याच समाजांना द्यावी अशी माझी नम्र सूचना आहे.

सिडनीवाला

😄 वेटिंग लिस्ट लई मोठी होईल.

ओसरी

व्हँकुव्हरला एका मूळनिवासी हाउसिंग संस्थेत टेनंट्सचं काम बघते. प्रेयरीकर भाडेकराराबद्दल बोलले ते शंभर टक्के पटलं, त्यात भर घालते.

कॅनडात बेडरूम किती लागतात हे मोजायचा एक राष्ट्रीय मापदंड आहे. एका बेडरूममध्ये जास्तीत जास्त दोन जण, पाच वर्षांच्या पुढचे भाऊ-बहीण एका खोलीत नको, नवरा-बायकोला एक, अठराच्या पुढच्या एकट्या माणसाला वेगळी. वाचायला किती छान. पण आजी नातवंडांना घेऊन झोपते, भाचा शिकायला आलाय तो वर्षभर हॉलमध्ये आहे, उत्तरेकडून कुणी हॉस्पिटलसाठी आलं की तीन आठवडे मुक्काम, हे सगळं त्या कोष्टकात 'दाटी' म्हणून लागतं. दाटी खरी पण असते हो, बुरशी लागलेल्या दोन खोल्यांत नऊ जण हे कुणाच्याच संस्कृतीत बसत नाही, ते झाकायला संस्कृतीचं नाव घेणारेही असतात. पण कोष्टकाला दोन्हीतला फरक कळत नाही.

सगळ्यात वाईट चक्र मुलांचं आहे. २०२१ मध्ये कॅनडात चौदा-आतल्या मुलांत मूळनिवासी ७.७ टक्के, पण फॉस्टर केअरमध्ये असलेल्यांत ५३.८ टक्के. घर लहान, दाटी आहे, हीटिंग नाही, म्हणून मूल काढून नेतात. मूल गेलं की आई कागदोपत्री एकटी, म्हणजे एक बेडरूमच्या घराला पात्र. कधीकधी मुलांचा भत्ता बंद झाल्यावर आहे तेच घर सुटतं. आणि मूल परत हवं तर कोर्ट विचारतं, मुलाला बेडरूम कुठे आहे? रेसिडेन्शियल स्कूल्समध्ये (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या निवासी शाळांत) ज्यांच्या आया-आज्यांना नेऊन टाकलं होतं त्याच घरांतल्या या बायका. त्यांना फॉर्म हातात देताना आपली मान खाली जाते. मूल परत यायच्या आधीच मोठं घर द्यायचं, खोली रिकामी राहिली तरी चालेल, असं धोरण ठेवायला धाडस लागतं कारण ऑडिटवाला विचारणार की बाईला तीन बेडरूम कशाला.

शंकासूर, 'चार भिंती आणि छप्पर' हे इथे कमी पडतं ते असं.

शंकासूर

हे मुलांचं वाचून गप्प झालो. पण मग हा बेडरूमच्या नियमाचा दोष झाला ना, तो सगळ्यांसाठीच बदला की. त्यासाठी वेगळी संस्था, वेगळी इमारत कशाला?

ओसरी

बदला ना, कोण नको म्हणतंय. पण तोपर्यंत कोण वाकवणार तो नियम? आमच्याकडे निर्णय घेणारे स्वतः त्यातून गेलेले आहेत, त्यांना 'भाचा' म्हणजे काय हे समजावायला लागत नाही. शहराच्या ऑफिसात काउंटरवरचा मुलगा वाईट नसतो, त्याला ते नाटक वाटतं इतकंच.

हिशेबनीस

सगळे भावनेवर बोलताय, मी जरा पैशावर येतो, कारण संस्कृती वगैरे सगळं शेवटी छताच्या दुरुस्तीला येऊन थांबतं.

कॅनडात १९७० च्या दशकाच्या शेवटापासून अर्बन नेटिव्ह हाउसिंगची योजना होती. किन्यू, विगवामेन यांच्यासारख्या संस्थांनी त्यात घरं घेतली. भाडं उत्पन्नाच्या साधारण २५ टक्के, वरची तूट सरकार भरणार. १९९३ ला केंद्र सरकारने रिझर्व्हबाहेरच्या नवीन सोशल हाउसिंगला पैसे देणं बंद केलं, जुने करार तेवढे चालू. आणि त्या करारांत मेख अशी की सबसिडी मॉर्गेजला बांधलेली. मॉर्गेज फिटलं की सबसिडीही संपली. कागदावर हे अगदी शहाणपणाचं दिसतं, कर्ज नाही तर खर्च कसला. पण भाडेकरू तोच, त्याचं उत्पन्न तेच, आणि घर पस्तीस वर्षं जुनं झालेलं, छत गळतंय, फर्नेस गेलाय. मग संस्थेने काय करायचं? काहींनी घरं विकून उरलेली सांभाळली, काहींनी निम्मी घरं बाजारभावाने द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्यांच्यासाठी सुरू केलं ते बाहेर.

२०१७ च्या नॅशनल हाउसिंग स्ट्रॅटेजीत फर्स्ट नेशन्स, इनुइट, मेटी यांच्यासाठी वेगवेगळ्या तरतुदी होत्या, पण शहरात सगळ्यांना मिळून घरं देणाऱ्या या संस्था मध्येच लटकल्या. २०२२ च्या बजेटमध्ये ३० कोटी, मग २०२३ मध्ये सात वर्षांसाठी ४०० कोटी डॉलर जाहीर झाले. सात वर्षांत, अख्ख्या देशाला, शहरं-खेडी-उत्तर सगळं धरून. व्हँकुव्हरात एक इमारत बांधायला काय पडतं ते बघा आणि मग टाळ्या वाजवा.

प्रेयरीकर

हिशेबनीस, मॉर्गेजवाला मुद्दा जबरी. मग जमीनच आपली असेल तर? सेनाक्वबद्दल काय मत आहे तुमचं?

हिशेबनीस

येणारच होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, व्हँकुव्हरात किट्सिलानोला बर्रार्ड पुलाच्या पायथ्याशी स्क्वामिश नेशनचं गाव होतं, १९१३ मध्ये तिथल्या कुटुंबांना बार्जवर बसवून हाकललं आणि घरं जाळली. कोर्टात भांडून २००० नंतर त्यातली साडेदहा एकर परत मिळाली. ती रिझर्व्ह जमीन असल्याने शहराचा झोनिंगचा नियम लागत नाही, त्यामुळे ११ टॉवर, सुमारे ६,००० भाड्याची घरं, आणि केंद्राचं १४० कोटी डॉलरचं कर्ज. आजूबाजूचे बंगलेवाले चिडले, म्हणे इतके उंच टॉवर 'तुमच्या संस्कृतीला' शोभतात का. यांची संस्कृती कशी दिसावी हेही शेजाऱ्यांनीच ठरवायचं!

पण हे सोशल हाउसिंग नाही हे लक्षात ठेवा. बहुतेक घरं बाजारभावाने जाणार, त्याच्या भाड्यातला वाटा नेशनला येणार, त्यातून पुढे आपल्या माणसांसाठी काय करायचं ते नेशन ठरवणार. माझ्या मते पैशाचा हाच टिकाऊ मार्ग आहे, सरकारच्या मर्जीवर बसण्यापेक्षा.

सिडनीवाला

हिशेबनीस, एवढं सरळ नाहीये. रेडफर्नचा ब्लॉक बघा. १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या पैशातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनी निघाली, शहराच्या मधोमध जमीन आपल्या ताब्यात, केवढी मोठी गोष्ट होती ती. पुढे ड्रग्ज, पडझड, घरं पाडली, लोक पांगले. मग पेमुलवुय प्रोजेक्ट आला, त्यात आधी दुकानं आणि विद्यार्थ्यांचं हॉस्टेल बांधून पैसे उभे करायचे आणि ॲबोरिजिनल कुटुंबांची ६२ घरं नंतर. २०१४ मध्ये जेनी मन्रो आणि इतर बायकांनी तिथे तंबू ठोकला की आधी घरं, मग काय ते बाकीचं. पंधरा महिने बसल्या थंडीवाऱ्यात. तेव्हा कुठे केंद्र सरकार पैसे द्यायला पुढे आलं. आज ६२ घरं आहेत आणि शेजारी चोवीस मजली स्टुडंट टॉवर. भांडण सरकारशी नव्हतं हे लक्षात घ्या, आपल्याच कंपनीशी होतं. मालक आपला असला म्हणजे भाडेकरू सुखी असं नसतं.

नकाशेवाली

सिडनीवाला +१. ऑकलंडला ओराकेइचं उदाहरण मधलं वाटतं मला. ओकाहू बेचं गाव १९५१-५२ ला रिकामं करून जाळलं, लोकांना वर टेकडीवर सरकारी घरांत टाकलं. पुढे त्याच भागात बॅस्टियन पॉइंटला ५०६ दिवसांचं आंदोलन झालं, १९७७-७८, नंतर जमीन परत. २०१६ मध्ये तिथे काइंगा टुआटाही म्हणून ३० घरं झाली, घर कुटुंबाचं पण जमीन हापूची (म्हणजे कुळाची), बाहेरच्याला विकता येत नाही. घरांच्या मधे कुंपणं कमी, मधली अंगणं आणि भाजीचे वाफे सामाईक, छतांवर सोलर. पोरं एका घरातून दुसऱ्या घरात पळत असतात. पण ज्याला बँक थोडंफार तरी कर्ज देईल अशांनाच ती घरं झेपली, गाडीत झोपणाऱ्यांना नाही. त्याच २०१६ च्या हिवाळ्यात मांगेरेच्या ते पुएआ मराएने गाडीत राहणाऱ्या कुटुंबांना आत घेतलं होतं, सरकारची वाट न बघता.

काळा_चहा

अमेरिकेचं कुणीच बोलत नाही म्हणून मीच. मिनियापोलिसला लिटल अर्थ म्हणून मूळनिवासींची वसाहत आहे, १९७३ पासून, २१२ घरं. १९५६ च्या रिलोकेशन कायद्याने सरकारनेच लोकांना रिझर्व्हवरून उचलून शहरात आणलं, नोकरी देतो म्हणाले, घराचं कुणी बघितलं नाही. शंकासूरांच्या भाषेत हा घेट्टोच, पण रिकामी जागा क्वचित मिळते. कुणी हाकललं नाही तर लोक तिथून जात नाहीत.

शंकासूर

लोक जात नाहीत याचं कारण दुसरीकडे भाडं परवडत नाही हेही असू शकतं ना साहेब.

बरं मला एक प्रॅक्टिकल सांगा. प्रेयरीकरांनी धुराचा उल्लेख केला. सेज (एक सुगंधी वनस्पती) विधी म्हणून जाळतात ते स्मजिंग. आता मी वरच्या मजल्यावर दम्याचा पेशंट आहे, इमारत लाकडी फ्रेमची, स्मोक डिटेक्टर बोंबलतोय. माझा हक्क कुठे गेला?

ओसरी

हा प्रश्न बरोबर आहे. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या ह्युमन राइट्स ट्रिब्युनलसमोर अशीच केस आली होती, घरमालक स्मजिंगवरून एका बाईला घराबाहेर काढत होता, ट्रिब्युनलने तो भेदभाव ठरवला आणि २३ हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. म्हणजे 'धूर नाही' असं एक वाक्य करारात टाकून आता सुटता येत नाही. त्याच वेळी शेजाऱ्याचा दमाही खोटा नाही.

इमारत बांधतानाच विचार केला तर हे सुटतं. तळमजल्यावर नाहीतर गच्चीला लागून एक खोली, तिला स्वतंत्र एक्झॉस्ट, डिटेक्टर धुराऐवजी उष्णता ओळखणारा. व्हँकुव्हरचं स्क्वाचाइस लॉज २०१२ मध्ये उघडलं तेव्हा त्यात स्मज रूम होती, गच्चीवर स्वेट लॉजसुद्धा (वाफेने शुद्ध व्हायच्या विधीची खोली). जुन्या इमारतीत मात्र जुगाड. घरात करायचं तर खिडकी उघडी, पंखा चालू, सेज थोडा, वरच्यांना आधी कल्पना द्यायची. दम्याचा पेशंट असेल तर दोघांना समोर बसवून वेळ ठरवायची. बहुतेक वेळा मिटतं. सिगरेटचा धूर जास्त वेळा भांडण लावतो, अनुभवाने सांगते.

प्रेयरीकर

याला जोडून एडमंटनचं ॲम्ब्रोज प्लेस. २०१४ पासून, ४२ घरं, वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिलेल्या लोकांसाठी, चालवणारे निगिनन, म्हणजे मूळनिवासींचीच संस्था. तिथे स्वतःच्या घरात दारू प्यायला बंदी नाही. एल्डर (समाजातले मान्यवर ज्येष्ठ) येतात, सेरेमनी होतात, पण सेरेमनीला आलंच पाहिजे असं नाही आणि प्यायलेला आहे म्हणून हाकलतही नाहीत. शेजारपाजाऱ्यांचा सुरुवातीला कडक विरोध होता. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की संस्कृती ही सुधारण्याची अट म्हणून लावलेली नाहीये. चर्चची शेल्टर्स नेमकी तीच अट लावायची, आधी प्रार्थना मग सूप.

नकाशेवाली, ते लाँड्री वेगळी करण्याचं आणि बाहेरून वापरायच्या टॉयलेटचं, याने एका घरामागे साधारण किती जागा वाढते? इथे एका संस्थेच्या बोर्डवर ओळखीचे आहेत, त्यांच्या आठ घरांचं रिनोव्हेशन निघालंय.

नकाशेवाली

नवीन घरात चार-पाच चौरस मीटर धरा. जुन्यात पाइप कुठून जातात त्यावर आहे. तळघर असेल तर मशीन खाली न्या, फुकटात काम होतं, विनिपेगच्या जुन्या घरांना बहुतेक असतंच. दुसऱ्या टॉयलेटचा हट्ट सगळीकडे धरू नका, त्याआधी तिथे राहणाऱ्यांना विचारा. आणि मीटिंग ऑफिसात घेऊ नका, त्यांच्याच एखाद्या घरात जेवण ठेवून घ्या, बोलतील.

शंकासूर

स्मज रूमचं पटलं, बेडरूमचंही पटलं. घेट्टोचं अजून पटलेलं नाही, त्यावर वेगळा धागा काढतो.